वाक्यातला विनोद पडद्यावर का विरतो?

पृथ्वी पाडून टाकायला आलेली परग्रहवासीयांची अजस्र यानं आकाशात थांबली आहेत. आणि लेखक लिहितो : विटा जशा हवेत तरंगत नाहीत, अगदी तशी ती यानं हवेत तरंगत होती.

डग्लस अ‍ॅडम्सच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या कादंबरीतलं हे वाक्य. वाचताना डोळे पुढे सरकतात, थबकतात, मागे येतात आणि मग हसू फुटतं. आता हेच वाक्य कॅमेऱ्याने दाखवायचं म्हटलं तर? दिग्दर्शक यानं दाखवेल. ठोकळ्यासारखी, बोजड, आभाळ व्यापून टाकणारी. २००५ साली आलेल्या चित्रपटात ती आहेत आणि बघायला झकासही आहेत. पण हसू येत नाही, कारण विनोद यानांमध्ये नव्हताच. तो ‘विटा तरंगत नाहीत’ या नकारात होता, आणि कॅमेऱ्याला नकार दाखवता येत नाही. समोर असेल तेवढंच तो दाखवतो.

आवडत्या विनोदी विज्ञानकथेवर चित्रपट निघाला की चाहते हिरमुसतात, हे आता ठरल्यासारखं झालं आहे. त्याची कारणंही ठरलेली : हॉलिवूडला अक्कल नाही, पैशापुढे काही सुचत नाही, गोष्ट बदलली, नट चुकला. यात थोडंफार तथ्य आहेच. पण गंभीर विज्ञानकथेचे चाहते चिडतात तेव्हा त्यांना नेमकं बोट ठेवता येतं : अमुक पात्र गाळलं, शेवट फिरवला. विनोदी पुस्तकाच्या चाहत्याची पंचाईत अशी की त्याला आपली तक्रार धड मांडताच येत नाही. सगळी पात्रं होती, प्रसंग होते, संवादही बरेचसे तेच होते. मग मजा गेली कुठे?

मजा ज्याच्यामुळे होती, तो माणूसच पडद्यावर नव्हता. तो माणूस म्हणजे निवेदक.

गंभीर कादंबरीत निवेदक बहुधा बाजूला उभा राहून घडलेलं सांगतो. विनोदी विज्ञानकथेत तो सारखा मध्ये तोंड घालतो, विषयांतर करतो, भलत्याच गोष्टीची सविस्तर माहिती देतो आणि महत्त्वाची गोष्ट जाता जाता उरकतो. अ‍ॅडम्सचं कथानक नुसतं सांगितलं तर असं आहे : आर्थर डेंट या इंग्रज गृहस्थाचं घर बायपाससाठी पाडायला सकाळी बुलडोझर येतो. त्याच दिवशी अंतराळातल्या एका हमरस्त्यासाठी अख्खी पृथ्वीच पाडली जाते. आर्थरचा मित्र फोर्ड प्रीफेक्ट हा मुळात परग्रहावरचा निघतो आणि आर्थरला घेऊन सटकतो. कल्पना फक्कड आहे, पण एवढ्यावर कोणी पोट धरून हसणार नाही. हसू येतं ते सांगणाऱ्याच्या थंडपणामुळे. पृथ्वीचा नाश आणि चहा न मिळणं, या दोन्ही गोष्टी तो एकाच सुरात सांगतो. शिवाय गोष्टीच्या आत आणखी एक निवेदक आहे : ज्याच्यावरून पुस्तकाला नाव मिळालं तो ‘गाइड’, म्हणजे आकाशगंगेत फुकट फिरणाऱ्यांसाठीचा माहितीकोश. गोष्ट ऐन रंगात आली असताना हा कोश मध्येच उघडतो आणि कशाबद्दल तरी गंभीर चेहऱ्याने बोलू लागतो. या नोंदी गोष्टीला खीळ घालतात, आणि पुस्तकातलं सर्वोत्तम लेखन याच नोंदींमध्ये आहे.

‘हिचहायकर्स’ हे मूळचं पुस्तकही नव्हे. बीबीसी रेडिओ ४ वर ८ मार्च १९७८ रोजी रात्री साडेदहाला ते श्रुतिका म्हणून सुरू झालं. रेडिओवर निवेदकाला मानाचं पान असतं. गाइडच्या आवाजासाठी निर्मात्यांना ‘पीटर जोन्ससारखा’, म्हणजे त्या नावाच्या नटासारखा, माणूस हवा होता. बरीच शोधाशोध झाल्यावर खुद्द पीटर जोन्सलाच विचारावं, असं एकदाचं सुचलं. थोडासा गोंधळलेला, तरी विलक्षण समजूतदार वाटणारा तो आवाज ज्यांनी ऐकला, त्यांना पुढे पुस्तक वाचतानाही तोच ऐकू येत राहिला. चित्रपटाची स्पर्धा आधी या आवाजाशी होती, मग पुस्तकाशी.

पडद्यावर निवेदक हरवतो ही अडचण अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगटने फार नेमकी पकडली आहे. त्याच्या ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ या १९६९ च्या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्याने बेचिराख झालेलं ड्रेस्डेन हे जर्मन शहर आहे, काळात मागेपुढे घसरत राहणारा नायक आहे आणि ट्रालफामाडोर ग्रहावरचे रहिवासीही आहेत. जॉर्ज रॉय हिलने तिच्यावर १९७२ साली चित्रपट केला. त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं, आणि व्हॉनेगटलाही तो मनापासून आवडला. तसं त्याने लिहूनही ठेवलं. पण त्याच लेखात तो म्हणतो की माझ्या लेखनावरून जे जे चित्रित झालं, त्या सगळ्यात एक पात्र कमी पडलं, आणि ते पात्र म्हणजे मी. छापील पानावर मला माझ्याच गोष्टीत वावरता येतं. पडद्यावर लेखक नाहीसा होतो. रूपांतर आवडलेला लेखक हे सांगतो आहे, म्हणून त्याला जास्त वजन आहे. व्हॉनेगटच्या कादंबरीत कोणाचाही मृत्यू आला की निवेदक एक छोटं, खांदे उडवल्यासारखं वाक्य म्हणतो. शंभराहून अधिक वेळा म्हणतो. त्या पालुपदात सगळा विनोद आहे आणि सगळं दुःखही. चित्रपटात मृत्यू तेवढे आले. हिलचा चित्रपट तरला, कारण त्याने हसवायचा अट्टहास धरला नाही. काळाच्या उड्या संकलनातून दाखवल्या आणि सूर उदास ठेवला. व्हॉनेगटच्या ‘स्लॅपस्टिक’चं आणि ‘ब्रेकफास्ट ऑफ चॅम्पियन्स’चं मात्र पडद्यावर मातेरं झालं. दुसरी कादंबरी तर लेखकाने स्वतः काढलेल्या चित्रांनी भरलेली आहे आणि लेखक तीत पात्र म्हणून शिरतोसुद्धा. ती चित्रपटासाठी निवडण्याचं धाडस कोणाला झालं, याचंच नवल वाटतं.

इथे कोणी म्हणेल, मग निवेदन ठेवा की! ठेवतात. २००५ च्या चित्रपटात गाइडचा आवाज स्टीफन फ्रायचा आहे आणि तो उत्तम आहे. पण पडद्यावर निवेदन फार वेळ चालू देत नाहीत. प्रेक्षक बघायला आलेला असतो, ऐकायला नव्हे, असा या धंद्यातला समज आहे. १९८१ च्या बीबीसी टीव्ही मालिकेने यावर एक नामी उपाय काढला होता. गाइडची नोंद सुरू झाली की पडदाभर संगणकाच्या पडद्यासारखी अक्षरं आणि आकृत्या उमटत, आणि पीटर जोन्स बोलत राही. त्या काळी संगणकावर असं काही करणं आवाक्याबाहेर होतं. रॉड लॉर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते हाताने केलेलं ॲनिमेशन होतं. त्याला ‘बाफ्टा’ हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार मिळाला. आज ती मालिका बघताना पुठ्ठ्याचे सेट नजरेत खुपतात, गाइडच्या नोंदी मात्र अजून ताज्या आहेत. तिथे चित्र वाक्याची जागा बळकावत नव्हतं, वाक्याच्या मागे मागे चालत होतं.

आता चाहत्यांच्या सर्वात मोठ्या आवाजात केलेल्या तक्रारीकडे वळू : ‘मूळ गोष्ट बदलली.’ निदान ‘हिचहायकर्स’च्या बाबतीत मला ती तक्रार टिकणारी वाटत नाही. १९७८ ची श्रुतिका, १९७९ चं पुस्तक, १९८१ ची मालिका, १९८४ चा संगणक-खेळ. या प्रत्येकात अ‍ॅडम्सचा हात होता आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे. एकमेकींशी त्या जुळत नाहीत, आणि अ‍ॅडम्सला त्याची फिकीर नव्हती. (तो खेळ निव्वळ मजकुरावर चालायचा, त्यामुळे निवेदक शाबूत राहिला. इतका की तो खेळणाऱ्याशी चक्क खोटं बोलतो. चाहते अजून त्याचं कौतुक करतात.) चित्रपटातलं हुमा कव्हुला हे नवं पात्र बघून अनेकांनी कपाळावर हात मारला, पण ते पात्र अ‍ॅडम्सनेच चित्रपटासाठी निर्माण केलं होतं. ज्याच्यावर झाडली त्याला झाडणाऱ्याचा दृष्टिकोन कळतो, ही अफलातून बंदूकही त्याचीच. ११ मे २००१ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, अ‍ॅडम्स हृदयविकाराने गेला. पटकथा पुढे केरी कर्कपॅट्रिकने पुरी केली आणि गार्थ जेनिंग्जने चित्रपट दिग्दर्शित केला.

तेव्हा गुन्हा बदलाचा नाही. गुन्हा छाटणीचा आहे, आणि तो एका प्रसंगात स्वच्छ दिसतो.

बुलडोझरपुढे आडवा पडलेला आर्थर आणि सरकारी अधिकारी प्रॉसर यांचं बोलणं चाललं आहे. प्रॉसर म्हणतो, आराखडे लोकांना बघायला ठेवलेले होते. आर्थर म्हणतो, ते शोधायला मला तळघरात जावं लागलं. प्रॉसर : तोच आमचा प्रदर्शन विभाग. आर्थर : टॉर्च घेऊन जावं लागलं. प्रॉसर : दिवे गेले असतील. आर्थर : जिनाही गेला होता. प्रॉसर : पण सूचना सापडली ना? सापडली, आर्थर म्हणतो. वापरात नसलेल्या संडासात, कुलूपबंद कपाटाच्या तळाशी, आणि दारावर पाटी होती : बिबट्यापासून सावध राहा.

या प्रसंगाची बांधणी बघा. प्रत्येक उत्तर आधीच्याहून एक पायरी वेडं आहे, पण एकच पायरी. ‘जिनाही गेला होता’ इथे आपण हसतो आणि वाटतं, झालं. मग संडास येतो. मग कपाट. बिबट्या येईपर्यंत आपला तोल पुरता गेलेला असतो. शिवाय प्रॉसर एकदाही चिडत नाही, दर वेळी तितक्याच शांतपणे उत्तर देतो. नोकरशाहीवर याहून नेमकं थोडंच लिहिलं गेलं असेल. चित्रपटात हा संवाद आखडून टाकला आहे. तळघराचा उल्लेख उरला, बिबट्या गेला.

का केलं असेल असं? मूर्खपणा म्हणून नव्हे. पटकथेचा एक हिशेब असतो : साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. श्रुतिकेच्या पहिल्या पर्वाला अर्ध्या तासाचे सहा भाग मिळाले होते, चित्रपट १०९ मिनिटांचा आहे. पृथ्वी तर लवकर उडवायलाच हवी, नाहीतर नवखा प्रेक्षक चुळबुळ करू लागेल. मग संकलक विचारतो : या संवादातून कथेला काय हवं आहे? ‘आराखडे सापडणं अवघड होतं’ एवढंच. ते एका ओळीत सांगून होतं. माहिती म्हणून ही काटछाट बिनचूक आहे. पण विनोद ही माहिती नसते. पंचाच्या, म्हणजे हसवणाऱ्या शेवटच्या ओळीच्या, आधीच्या पायऱ्या काढून नुसता पंच ठेवला तर हशा येत नाही, आणि पंच काढून पायऱ्या ठेवल्या तर कोणीतरी उगाच बडबडतंय असं वाटतं. ज्याला मूळ प्रसंग पाठ आहे, त्याला इथे जिना उतरताना शेवटची पायरी नसल्यासारखा हिसका बसतो. ज्याला तो ठाऊक नाही, त्याला काहीच होत नाही. हे जास्त वाईट.

दुसरा हिशेब पैशाचा. कागदावर वाक्याला खर्च येत नाही. कथेतला आकाशगंगेचा अध्यक्ष झेफॉड बीबलब्रॉक्स याला दोन डोकी आहेत, हा रेडिओवर जाता जाता केलेला विनोद होता; ऐकलं, हसलं, पुढे गेलं. मग टीव्ही आला आणि ते डोकं कोणाला तरी बनवावं लागलं. मालिकेत मार्क विंग-डेव्हीच्या खांद्यावर एक यांत्रिक डोकं बसवलं होतं. ते सारखं बंद पडायचं आणि बहुतेक वेळ नुसतं लटकत राहायचं. चित्रपटात दुसरं डोकं पहिल्याच्या खाली लपलेलं दाखवलं आणि कथेत पुढे काढूनच घेतलं. एका ओळीच्या विनोदापायी दोन पिढ्यांच्या तंत्रज्ञांनी डोकेफोड केली, आणि मूळ ओळीइतकं मजेदार कोणाच्याही हातून झालं नाही. न दाखवण्यात जी गंमत असते, ती दाखवल्यावर नुसती एक वस्तू होऊन बसते.

पैशाचा आणखी एक दाब असतो. विज्ञानकथा म्हटली की यानं, ग्रह, राक्षस हे सगळं आलं, म्हणजे खर्च आला. खर्च वसूल करायचा तर पुस्तकाचे चाहते पुरत नाहीत, सगळ्या जगाने यायला हवं. मग पटकथेवर एकामागून एक हात फिरतात. अ‍ॅडम्सने हे वर्षानुवर्षं सोसलं. १९८० च्या दशकात हॉलिवूडचा दिग्दर्शक इव्हान राइटमनबरोबर बोलणी झाली. फोर्डच्या भूमिकेसाठी डॅन ॲक्रॉइड किंवा बिल मरे यांची नावं निघाली, आणि ती मंडळी ‘घोस्टबस्टर्स’ करायला निघून गेली. हॉलिवूडमध्ये चित्रपट उभा करणं म्हणजे माणसांनी एकेक करून खोलीत येऊन मांसाच्या तुकड्यावर फुंकर घालायची आणि तो भाजला जाईल अशी आशा करायची, असं अ‍ॅडम्स म्हणत असे.

या फुंकरींतून सर्वात आधी बदलतो तो नायक. रूढ पटकथेला नायकाची काहीतरी तीव्र इच्छा लागते, वाटेत अडथळे लागतात, शेवटी तो बदललेला हवा. पण विनोदी विज्ञानकथेचा नायक बहुधा काहीच मिळवायला निघालेला नसतो. विश्व त्याला फरपटत नेतं, आणि ‘हे काय चाललंय?’ एवढाच त्याचा प्रश्न असतो. आर्थरला जेमतेम एक कप चहा हवा असतो. तेवढ्यावर कोणी कोट्यवधी डॉलर लावत नाही. म्हणून चित्रपटात आर्थर आणि ट्रिलियन यांचं प्रेम पुढे आणलं गेलं. मार्टिन फ्रीमन आणि झोई डेशनेल दोघंही गोड आहेत, पण त्यांच्या प्रेमामुळे विश्वाला अर्थ आल्यासारखं वाटू लागतं. विश्वाला अर्थ नाही, किंवा असलाच तर तो ४२ आहे (पुस्तकातला महासंगणक आयुष्याच्या अंतिम प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढा आकडा देतो), यावर तर सगळं पुस्तक उभं होतं.

इतकं असूनही तो चित्रपट वाटतो तितका वाईट नाही, असं माझं मत आहे. त्यात जे जमलं, ते का जमलं हे पाहण्यासारखं आहे. अशक्य ते घडवत यान पळवणाऱ्या ‘अनंत असंभाव्यता’ इंजिनामुळे अंतराळात अचानक एक देवमासा जन्माला येतो आणि ग्रहाच्या दिशेने कोसळू लागतो. कोसळता कोसळता त्याला आपल्या अस्तित्वाचं कुतूहल वाटू लागतं : मी कोण, हा वारा कसला, ही जमीन माझी मैत्रीण होईल का? पुस्तकातला हा उतारा पडद्यावर जवळजवळ तसाच आला आणि छान रंगला, कारण इथे विनोद निवेदकाच्या तोंडी नसून खुद्द देवमाशाच्या तोंडी आहे. मनातलं बोलणारं पात्र कॅमेऱ्याला चालतं. अजून एक जागा : यान असंभाव्यतेतून बाहेर पडतं तेव्हा क्षणभर सगळे लोकरीच्या बाहुल्या झालेले असतात आणि आर्थर ओकतो तेव्हा लोकरच बाहेर येते. हा पडद्यासाठीच सुचलेला विनोद आहे. आणि मॅग्रेथियाचा ग्रह बनवायचा कारखाना, जिथे ग्रह घडवणाऱ्याच्या भूमिकेतला बिल नाय आर्थरला घेऊन निघतो आणि समोर अर्धवट रंगवलेली पृथ्वी उलगडते, तिथे चित्रपट असं काही देतो जे कुठल्याही वाक्याला जमलं नसतं.

पण चाहत्याला खूश करणं मुळातच कठीण आहे. विनोद आश्चर्यावर जगतो आणि चाहत्याला सगळं पाठ असतं. दरवर्षी २५ मे रोजी अ‍ॅडम्सच्या आठवणीत खांद्यावर टॉवेल (गाइडच्या मते प्रवाशाची सर्वात उपयोगी वस्तू) टाकून फिरणारी ही माणसं! मूळ विनोद जसाच्या तसा ठेवला तर ती ओळखीचं हसतात, पण पहिल्या वाचनातलं हसू येत नाही आणि दोष नटाच्या माथी मारला जातो. विनोद बदलला तर मग विचारूच नका. पुन्हा, पुस्तक वाचताना टायमिंग वाचकाच्या हातात असतं. कुठे थांबायचं, कुठली ओळ परत वाचायची, हे तो ठरवतो. चित्रपटात ते संकलक ठरवतो आणि सगळ्यांना एकच वेग देतो.

उलटा प्रवास केला तर काय होतं, तेही बघू. पीटर जॉर्जची ‘रेड अलर्ट’ ही १९५८ ची कादंबरी अणुयुद्धाच्या भीतीवरची, पूर्ण गंभीर. स्टॅन्ली क्युब्रिक तिच्यावर गंभीरच चित्रपट करणार होता. पटकथा लिहिता लिहिता त्याला त्यातले प्रसंग हास्यास्पद वाटू लागले, आणि १९६४ साली ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ आला. त्यातला विनोद पीटर सेलर्सच्या तीन भूमिकांत आहे, भव्य वॉर रूमच्या सेटमध्ये आहे, चेहऱ्यांत आणि आवाजांत आहे. पुस्तकात विनोद नव्हताच, त्यामुळे तो हरवायचा प्रश्न आला नाही. जो आला तो कॅमेऱ्यासमोरच घडला.

आणि मग स्ट्रुगात्स्की बंधूंचं प्रकरण. अर्कादी आणि बोरिस यांची ‘सोमवार शनिवारी सुरू होतो’ ही १९६५ ची रशियन कादंबरी म्हणजे जादूचं संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेची गोष्ट. प्रिवालोव्ह नावाचा प्रोग्रॅमर ती सांगतो. तिथलं बोलकं मांजर गोष्टी सुरू करतं आणि मध्येच विसरतं, आणि नववर्षाच्या रात्रीही लोक प्रयोगशाळेत येतात, कारण काम हीच त्यांची करमणूक. सोव्हिएत शास्त्रज्ञांना आपलंच चित्र त्यात दिसलं. १९८२ साली कॉन्स्टंटिन ब्रोमबर्गने तिच्यावरून ‘चारोदेई’ हा टीव्ही चित्रपट केला, आणि त्याची पटकथा स्वतः स्ट्रुगात्स्कींची होती! बघायला गेलं तर प्रोग्रॅमर गायब, संस्थेचं नाव बदललेलं, विज्ञानावरचा उपरोध जवळजवळ नाहीसा, आणि त्या जागी प्रेमकथा, जादूची छडी आणि भरपूर गाणी. कादंबरीचे चाहते आजही नाकं मुरडतात. बाकीच्यांचं त्यावर इतकं प्रेम बसलं की नववर्ष आलं की तो टीव्हीवर लागणार, हे ठरूनच गेलं. बोरिस स्ट्रुगात्स्कीने पुढे लिहिलं की सुरुवातीला त्याला तो मुळीच आवडला नव्हता, पण दोनेकदा पाहिल्यावर सवय झाली आणि आता तो तिटकाऱ्याशिवाय आठवतो.